सहलीच्या तळावर न्हाणी आणि संडास : चार कारागिरांच्या हातचा धंदा

सहलीला निघालेल्या गाडीत एक गोष्ट नेहमी दिसते. पुरुष मंडळी वाटेत चहा घेतात, पाणी पितात, उसाचा रस पितात. बाया मात्र सकाळपासून घोटभर पाण्यावर बसून असतात. तहान लागत नाही असे नाही. मुक्कामाच्या जागी आडोसा मिळेल की नाही याची खात्री नसते, म्हणून पाणीच प्यायचे नाही असा त्यांचा हिशेब असतो. दोन दिवसांच्या सहलीत असे झाले की परत आल्यावर कोणाला लघवीची जळजळ, कोणाला डोकेदुखी. घरातील वडीलधाऱ्या स्त्रिया तर याच कारणाने सहलीचे नाव काढत नाहीत.

ही अडचण घरातल्या घरात बोलली जाते, बाजारात कोणी बोलत नाही. आणि जी अडचण सर्वांना आहे, पण बाजारात तिच्यावर उपाय सहज मिळत नाही, तिथेच कारागिराला काम असते. सह्याद्रीत आता राहुट्या ठोकून राहण्याची हौस वाढली आहे. पवना धरणाच्या काठी, भंडारदऱ्याला, कोकणच्या किनाऱ्यावर शनिवार-रविवारी माणसे तंबूत राहायला जातात. मे-जून महिन्यांत काजवे पाहायला भंडारदरा परिसरात गर्दी होते. शाळांची शिबिरे असतात, शेतावरची लग्ने असतात, उरूस आणि जत्रा असतात. या सर्व ठिकाणी उचलून नेता येईल अशी न्हाणी आणि संडास लागतो.

हा संच कसा बनवावा, त्याला काय सामान लागते, पाण्याचा हिशेब कसा करावा, कायद्याची अडचण कुठे येते आणि यातून चार पैसे कसे सुटतील, याची माहिती या लेखात देत आहोत.

काम कोणाचे?

हे काम एकट्याचे नाही. सांगाडा वेल्डर करील, कनात शिंपी शिवील, नळ आणि नळ्या प्लंबर जोडील, बैठकीची फळी सुतार करील. चौघांकडे आपापली हत्यारे आधीच आहेत. नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही. म्हणून कर्ज काढण्यापेक्षा तिघा-चौघांनी भागीदारीत उतरावे हे बरे. प्रत्येकाने आपल्या कामाची मजुरी भांडवल म्हणून धरावी, सामानाचा खर्च वाटून घ्यावा आणि नफा-तोट्याचे प्रमाण आधीच कागदावर लिहून ठेवावे. तोंडी बोलण्यावर दोस्ती चालते, धंदा चालत नाही. मंडप आणि भांडी भाड्याने देणारे आपले जे व्यापारी आहेत, त्यांनी हा संच आपल्या मालात वाढवला तर त्यांना गिऱ्हाईक शोधत फिरावेही लागणार नाही.

सांगाडा

एका माणसाला आरामात उभे राहून अंघोळ करता यावी, कपडे बदलता यावेत, यासाठी ४ फूट लांब, ४ फूट रुंद आणि ७ फूट उंच एवढी जागा पुरते. यापेक्षा लहान केले की ओले कापड अंगाला चिकटते. यापेक्षा मोठे केले की वारा धरते.

एक इंची चौकोनी लोखंडी पाइप, १८ गेजचा, घ्यावा. उभे खांब ४, प्रत्येकी ७ फूट. वरची चौकट ४ फुटांच्या ४ तुकड्यांची. खालची चौकट मात्र तीनच बाजूंना, कारण दाराच्या बाजूला पाइप ठेवला की अंधारात पाय अडकतो. म्हणजे ४ फुटांचे एकूण ७ तुकडे झाले. बाजारात पाइप २० फुटी मिळतो. तीन पाइप आणावेत. पहिल्या दोन पाइपांतून प्रत्येकी ७ फुटांचे दोन आणि ४ फुटांचा एक असे तुकडे काढावेत. तिसऱ्यातून ४ फुटांचे पाच. करवतीत जाणारा चुरा सोडला तर सर्व माल बसतो. पहिल्या दोन पाइपांचे २-२ फूट उरतात. त्यांचे फूट-फूट लांबीचे चार तुकडे करून एक टोक तिरके कापावे, म्हणजे जमिनीत ठोकायच्या चार खुंट्या तयार होतात.

७ फुटी खांब जीपमध्ये किंवा बसच्या डिकीत मावत नाहीत. म्हणून ते मधोमध कापून साडेतीन फुटांचे दोन भाग करावेत आणि आत जाणाऱ्या पाऊण इंची पाइपच्या फूटभर तुकड्याने जोडावेत. कोपरेही याच पाऊण इंची पाइपचे करावेत. सहा-सहा इंचांचे तीन तुकडे काटकोनात वेल्ड केले की कोपरा झाला. वर असे चार कोपरे, खाली मागच्या बाजूला दोन. पुढच्या दोन खालच्या कोपऱ्यांना दोनच तोंडे लागतात. प्रत्येक सांध्याला आरपार भोक पाडून कानवाला नट लावावा, म्हणजे पान्याशिवाय हाताने आवळता येतो. वेल्डिंगची जागा घासून रेड ऑक्साईडचा हात मारावा. न्हाणीचे लोखंड आहे, रंग चुकवला तर दुसऱ्या हंगामात सांधे गंजून आत अडकतात.

हा सांगाडा कोपरे सोडून १५-१६ किलो भरतो. दोन माणसे सहज उचलतात. ॲल्युमिनिअमचा केला तर वजन साधारण तिसऱ्या हिश्शावर येते, पण किंमत वाढते आणि त्याचे वेल्डिंग प्रत्येकाला जमत नाही.

सांगाड्याचा खरा वैरी वारा आहे. धरणाच्या काठी संध्याकाळी वारा सुटला की चार बाजूंनी कापड लावलेली चौकट शिडासारखी फुगते. म्हणून वरच्या चारही कोपऱ्यांना दोर बांधून ते जमिनीशी साधारण ४५ अंशांत ताणावेत. खुंटी सरळ न ठोकता दोराच्या उलट दिशेला कललेली ठोकावी. दोरांना पांढऱ्या चिंध्या बांधाव्यात, नाहीतर रात्री लोक अडखळून पडतात.

कनात

कापडाचा हिशेब असा. चार बाजूंचा घेर १६ फूट. दाराशी एक पल्ला दुसऱ्यावर २ फूट चढला पाहिजे, म्हणून १८ फूट. उंची ७ फूट. १८ गुणिले ७ म्हणजे १२६ चौरस फूट. छत १६ चौरस फूट. शिवण आणि खालची झालर धरून १६० चौरस फूट कापड घ्यावे.

ताडपत्री स्वस्त पडते, पण वाऱ्यात फडफडते आणि घडीवर चिरते. जाड कॅनव्हास टिकतो, पण ओला झाला की जड होतो आणि न वाळवता घडी केली की त्याला बुरशी धरते. मध्यम मार्ग म्हणजे छत्रीच्या किंवा गाडीच्या कव्हरसाठी वापरतात तसे मेणकापडी अस्तराचे पॉलिएस्टर. शिवण दुहेरी घालावी. दर फुटावर पितळी आयलेट ठोकावे आणि आयलेटच्या जागी कापड दुमडून दुपदरी करावे, नाहीतर पहिल्याच वाऱ्यात रिंग कापडासकट निघून येते.

आता एक गोष्ट शिंप्याने ध्यानात ठेवावी. दिवसा जे कापड जाड वाटते, त्याच्या आत रात्री दिवा लावला की आतल्या माणसाची सावली बाहेर दिसते. हलक्या रंगाच्या कापडात तर स्पष्ट दिसते. या एका चुकीमुळे सगळा संच फुकट जातो, कारण एकीला कळले की दुसरी स्त्री त्यात जाणार नाही. म्हणून कापड गडद रंगाचे, काळे, गर्द निळे किंवा गर्द हिरवे घ्यावे, आणि जमिनीपासून ५ फुटांपर्यंत आतून दुसरा पदर लावावा. माल गिऱ्हाइकाला देण्यापूर्वी रात्री अंगणात उभा करून, आत दिवा लावून, चारही बाजूंनी स्वतः पाहावे. दाराला चेनबरोबर आतून बांधायच्या नाड्याही द्याव्यात. चेन कधी ना कधी अडकतेच. बाहेरच्या बाजूला एका दोरीवर लाल फडके लावावे. आत कोणी असेल तर फडके वर, रिकामे असेल तर खाली. कोणाला हाक मारून विचारावे लागत नाही.

छताखाली सहा इंचांची मच्छरदाणीच्या जाळीची पट्टी ठेवावी. हवा खेळती राहते, वाफ आणि वास कोंडत नाही.

पाणी : दाब आणि माप

पाण्याची टाकी वर आणि फवारा खाली, एवढे केले की शॉवर झाला असे अनेकांना वाटते. पाण्याचा दाब उंचीवर अवलंबून असतो. दर मीटर उंचीला चौरस सेंटिमीटरवर शंभर ग्रॅम एवढाच दाब मिळतो. कॅन ७ फुटांवर आणि फवारा ६ फुटांवर असेल तर मध्ये एकच फूट उरतो. त्या दाबावर घरचा शॉवर नुसता ठिबकतो. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय बिनखर्ची. नळी अर्ध्या इंचाऐवजी पाऊण इंची घ्यावी, फवाऱ्याला थोडी पण मोठी छिद्रे ठेवावीत आणि फवारा वर न बसवता हातात धरायचा करावा. हात खांद्याशी, कमरेशी आला की उंचीचा फरक वाढतो आणि धार सुधारते. मात्र २० लिटरचा कॅन म्हणजे २० किलो वजन. ते सांगाड्याच्या डोक्यावर ठेवू नये. जीपच्या टपावर, झाडाच्या जाड फांदीला किंवा वेगळ्या तिवईवर ठेवावे.

दुसरा उपाय म्हणजे शेतकरी वापरतात तो पाठीवरचा बॅटरी फवारणी पंप. त्याची टाकी साधारण १६ लिटरची असते आणि १२ व्होल्टचा पंप मिनिटाला सुमारे ३ लिटर पाणी फेकतो. नोझल काढून तिथे हातशॉवर बसवला की काम झाले. असा पंप २ ते ३ अँपिअर वीज ओढतो. म्हणजे ८ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी दोन-अडीच तास चालते. एका अंघोळीला ४ मिनिटे धरली तर ३० जणांचे काम होते. पण पंप नवा कोराच घ्यावा. औषध फवारलेला जुना पंप कितीही धुतला तरी तो अंघोळीला वापरू नये. कीटकनाशक कातडीतून अंगात जाते. पाण्याच्या पिंपालाही हाच नियम लागू आहे. रसायनाचे रिकामे पिंप स्वस्त मिळते म्हणून त्यात पाणी भरू नये.

गरम पाण्याचा हिशेब सोपा आहे. २० अंशांचे १५ लिटर थंड पाणी आणि ५ लिटर उकळते पाणी मिसळले की २० लिटर पाणी ४० अंशांचे होते. अंघोळीला एवढे ऊन पुरे. आधी थंड पाणी ओतावे, मग उकळते. उलट केले तर प्लॅस्टिकचा कॅन मऊ पडतो. सरपण वाचवायचे असेल तर ४ इंची पीव्हीसी पाइपला काळा रंग देऊन, दोन्ही टोकांना टोप्या लावून, गाडीच्या टपावर उन्हात ठेवावा. २ मीटर पाइपात सुमारे १६ लिटर पाणी मावते आणि दुपारपर्यंत ते तापते. मात्र वरच्या टोपीला हवेचे छिद्र हवेच. हे पाणी संध्याकाळच्या अंघोळीचे. रात्रीत ते पुन्हा गार होते.

२० माणसांच्या तळाला एका दिवसाचे पाणी किती न्यावे? अंघोळीला प्रत्येकी १२ लिटर, म्हणजे २४०. संडासात दोन वेळा, प्रत्येक वेळी लोटाभर, २ लिटर, म्हणजे ८०. तळावरची मंडळी नमाजी असतील तर वजूला प्रत्येक वेळी एक लिटर धरून १००. एकूण ४२० लिटर. म्हणजे ५०० लिटरची टाकी न्यावी. एका लिटरचे वजन एक किलो, तेव्हा भरलेली टाकी अर्धा टन भरते. गाडी ठरवताना हे विसरू नये. पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी यात धरलेले नाही. ते वेगळ्या झाकणबंद भांड्यात न्यावे.

वजूचा नळ न्हाणीच्या आणि संडासाच्या आत ठेवू नये. वेगळ्या जागी, फळीवर, दाबून सोडायचा नळ बसवावा आणि खाली एक चौरंग ठेवावा. हात काढला की पाणी बंद होते. साध्या तोटीपेक्षा यात कितीतरी पाणी वाचते.

सांडपाणी

न्हाणीच्या खाली चिखल झाला की पुढच्या माणसाची अंघोळ वाया जाते. सुताराने दीड इंची पट्ट्यांची, मध्ये अर्धा इंच फट सोडलेली साडेतीन फुटी जाळी करावी. ती दोन भागांत केली तर गाडीत मावते. जाळीखाली थोडा उतार देऊन चर काढावा आणि पाणी शोषखड्ड्यात सोडावे. २ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट खोल खड्डा दगडगोट्यांनी भरला की दगडांमधल्या पोकळीत सुमारे ९० लिटर पाणी मावते. मुरमाच्या जमिनीत ते झपाट्याने मुरते, काळ्या मातीत रेंगाळते. म्हणून आधी फूटभर खड्डा खणून त्यात बादलीभर पाणी ओतून पाहावे. तासाभराने पाणी तसेच असेल तर एका खड्ड्यावर विसंबू नये, दोन-तीन लांब चर काढून पाणी पसरावे.

संडास : तीन रीती

आता मुख्य गोष्टीकडे येऊ. पाण्याविना संडास किंवा मातीने झाकायचा संडास ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. कोकणात कणकवलीच्या गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धन यांनी मैल्याचे सोनखत करणारा संडास तयार केला. तो 'गोपुरी संडास' या नावाने ओळखला जातो. देहू येथे डॉ. मापुस्कर यांनी आयुष्य याच कामात घालवले. त्यांना २०१७ साली मरणोत्तर पद्मश्री मिळाली. मैला माणसाच्या हाताला लागू नये आणि पाण्यात जाऊ नये, ही दोन सूत्रे या मंडळींच्या कामातून घ्यावीत.

पहिली रीत, चराचा संडास. १ फूट रुंद, अडीच फूट खोल आणि ३ फूट लांब चर खणावा. त्यावर १९ मिलिमीटर मरीन प्लायवूडची ३ फूट लांब, ३ फूट रुंद फळी ठेवावी. म्हणजे दोन्ही बाजूंना एकेक फूट फळी पक्क्या जमिनीवर टेकते. मध्ये भोक पाडावे, दोन्हीकडे पाय ठेवायला खरखरीत पट्ट्या ठोकाव्यात. गुडघेदुखीच्या माणसांसाठी त्याच भोकावर बसणारी, १६ इंच उंच, बिनतळाची पेटी द्यावी. शेजारी मातीची किंवा राखेची बादली आणि मग ठेवावा. प्रत्येक वापरानंतर मगभर माती टाकली की माश्या येत नाहीत आणि वासही येत नाही. चर वरून एक फूट उरला की फळी उचलून तो मातीने बुजवावा आणि मातीचा ढीग थोडा वर ठेवावा. माती खचते. इथे कोणालाच मैल्याला हात लावावा लागत नाही. चरात फिनेल ओतू नये. मैला कुजवणारे जंतू त्याने मरतात. फिनेल फळी धुवायला वापरावे.

दुसरी रीत, बादली आणि भुसा. लाकडी पेटीत २० लिटरची झाकणबंद बादली, वर बसायची कडी. सुताराच्या दुकानातला भुसा किंवा भाताचे तूस प्रत्येक वापरानंतर टाकायचे. पण धुण्याचे पाणी आणि लघवी बादलीत गेली की भुसा पुरत नाही, सगळे सडते. आपण पाण्याने धुणारी माणसे. म्हणून पेटीला पुढे दुसरी बैठक ठेवावी. उरकल्यावर माणसाने एक पाऊल पुढे सरकून तिथे धुवावे आणि ते पाणी वेगळ्या नळीने शोषखड्ड्यात जावे. असे केले तर एक बादली १८-२० वापरांना पुरते. त्यानंतर ती झाकण लावून आपल्या शेतात न्यावी, खड्ड्यात रिकामी करून पालापाचोळ्याने झाकावी आणि निदान एक वर्ष हात लावू नये. मग ते खत झाडांना घालावे, पालेभाज्यांना नव्हे.

ही दुसरी रीत फक्त स्वतःच्या कुटुंबासाठी वापरावी. भाड्याच्या धंद्यात ती आणू नये. हाताने मैला उचलण्याचे काम कोणाकडून करवून घेण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा ५० हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकते. कायदा बाजूला ठेवला तरी आपल्या सोयीसाठी दुसऱ्याच्या डोक्यावर ही बादली देणे कोणत्याही इमानदार व्यापाऱ्याला शोभणारे नाही. गरजू माणूस चार पैशांसाठी तयार होईलही. त्याची गरज हा आपला नफा होऊ नये.

तिसरी रीत, टाकीचा संडास. जिथे खणता येत नाही तिथे हाच उपाय. फळीवर प्लॅस्टिकची भारतीय बैठक बसवावी, खाली ४ इंची पाइप, आणि तो २०० लिटरच्या बंद पिंपात सोडावा. पिंपाला वासासाठी उंच हवानळी आणि तिच्या तोंडाला जाळी. २० माणसे, दोन दिवस, प्रत्येकाचे दिवसाला पाण्यासह ८ लिटर धरले तर ३२० लिटर होतात. म्हणजे दोन पिंपे हवीत. भरलेले पिंप २०० किलोंवर जाते. ते उचलायचे नाही. मैला उपसणारी टँकरगाडी तिथे बोलावून नळीने उपसून घ्यायचे आणि तो मैला नगरपालिकेच्या शुद्धीकरण केंद्रात गेला याची पावती मागायची. नाल्यात रिकामी करणारी गाडी स्वस्त पडते, पण तिचे पाप शेवटी आपल्याच खात्यावर येते. गाडी पोहोचू शकेल अशी जागा नसेल तर ही रीत निवडू नये.

जागा निवडताना

संडास आणि शोषखड्डा नदी, ओढा, विहीर, तलाव यांपासून निदान २०० फूट दूर आणि उताराच्या खालच्या अंगाला असावा. चराच्या तळापासून भूजल दीड मीटर तरी खाली हवे. पावसाळ्यात कोकणात पाणी वर येते, तिथे चर खणू नये. पवना धरणाचे पाणी पिंपरी-चिंचवडच्या नळांना येते. धरणाच्या काठी हाताने खणलेला एक निष्काळजी खड्डा कुणाच्या तरी घागरीत उतरतो, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे. कातळावर आणि सड्यावर माती वीतभरही नसते. तिथे तिसरी रीतच. संरक्षित किल्ल्यावर खोदकाम करणे १९५८ च्या पुरातन वास्तू कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. वनखात्याच्या जमिनीवर परवानगीशिवाय तळच टाकू नये. खाजगी जमीन असेल तर मालकाला विचारून जागा ठरवावी आणि बुजवलेल्या जागेवर खूण करावी.

मदत छावण्यांसाठीचे 'स्फिअर' मापदंड २० माणसांमागे एक संडास सांगतात. स्त्रिया आणि पुरुष दोन्ही असतील तर दोन वेगळे ठेवावेत, आणि गर्दी मोठी असेल तर स्त्रियांकडे जास्त द्यावेत. पुरुषांच्या लघवीची वेगळी सोय केली तर टाकीवरचा भार पुष्कळ कमी होतो. तळ आपल्या मंडळींचा असेल तर बैठकीचे तोंड उत्तर-दक्षिण ठेवावे. फिरत्या संडासात ते होकायंत्र पाहून एका मिनिटात जमते.

पैशाचा हिशेब

सामानाचे भाव गावोगाव वेगळे आहेत. म्हणून खालचे आकडे नमुन्याचे समजावेत, आपल्या गावचे भाव घालून पुन्हा मांडावेत. समजा, एक न्हाणी, दोन संडास आणि टाकी असा संच ३०,००० रुपयांत तयार झाला. शनिवार-रविवारचे भाडे २,५०० ठेवले. त्यातून गाडी, मजुरी, धुलाई आणि उपसा यांचे १,३०० गेले. कापड आणि सांधे झिजतात, त्यांच्यासाठी २०० बाजूला ठेवले. उरले १,०००. म्हणजे ३० फेऱ्यांत भांडवल सुटते. ऑक्टोबर ते मे या हंगामात तीस-पस्तीस शनिवार येतात. निम्मेच भरले असे धरले तर दोन हंगाम लागतात. यापेक्षा लवकर पैसे सुटतील असे कोणी सांगितले तर त्याच्या हिशेबात झीज धरलेली नाही असे समजावे.

भाड्याचा व्यवहार सेवेत मोडतो. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. लघुउद्योगाची 'उद्यम' नोंदणी मात्र करून घ्यावी, ती विनामूल्य आहे. शाळा आणि कंपन्या पावती मागतात, तिथे ती उपयोगी पडते.

गिऱ्हाइकाशी करायच्या करारात चार गोष्टी लिहाव्यात : संच कोण उभारणार, पाणी कोण देणार, मैल्याची विल्हेवाट कोण आणि कशी लावणार, नुकसान झाले तर भरपाई किती. भांडणे याच चार गोष्टींवरून होतात.

सुरुवात घरापासून

पहिला संच विकायला करू नका, भाड्यालाही देऊ नका. आपल्याच कुटुंबाच्या सहलीला तो घेऊन जा. परत आल्यावर पुरुषांना विचारू नका, घरातल्या बायांना विचारा. चेन कुठे अडकली, लोटा ठेवायला जागा होती का, कपडे टांगायची खुंटी कोणत्या उंचीला हवी, रात्री जायला भीती वाटली का. त्या ज्या दहा खोडी काढतील त्या दुरुस्त करा आणि मगच माल बाजारात आणा. पुढच्या सहलीला त्यांनी वाटेत बिनधास्त पाणी मागितले, की संच चांगला झाला असे समजावे.